बेसमेंटचं सार्वमत

चारुदत्त अष्टपुत्रे यांना घटना लिहायचं व्यसन होतं. घटना म्हणजे कलमं, उपकलमं, नियमावली. कुणाला सिगारेटचं असतं, कुणाला पत्त्यांचं, यांना हे. अमेरिकेत शॉमबर्गला अडतीस वर्षं काढली, त्यात पोटापाण्यासाठी पंप डिझाइन केले आणि उरलेल्या वेळात तिथल्या मराठी मंडळाची घटना तीनदा लिहिली. तिसऱ्या आवृत्तीत गणपतीचे मोदक उकडीचे की तळणीचे हे कार्यकारिणीने साध्या बहुमताने ठरवावं, पण दोन्ही करायचे असतील तर दोन तृतीयांश मतं लागतील, असं कलम होतं. हसू नका. त्या कलमापायी एका वर्षी मंडळ फुटता फुटता राहिलं.

बहात्तरी गाठली तेव्हा मुलगा मिहीर म्हणाला, "बाबा, दोघंच तिकडे बर्फ उपसत काय बसलायत? अ‍ॅशबर्नला या. आमचं बेसमेंट अख्खं रिकामं आहे. वेगळं दार, वेगळं किचन, वेगळं बाथरूम. तुमचं राज्य तुम्ही चालवा." आता ही बोलायची एक पद्धत असते. पाहुण्याला आपण 'घर तुमचंच आहे' म्हणतो, म्हणून तो काही सातबारा मागायला येत नाही. चारुदत्तकाकांनी मात्र तो 'राज्य' शब्द घट्ट धरून ठेवला. शॉमबर्गचं घर विकलं, वीणाकाकूंना घेऊन आले, आणि खोकी सोडायच्या आधी लॅपटॉप उघडून बसले.

अकरा कलमं झाली. कलम एक: खालचा मजला हा घराचा अविभाज्य परंतु स्वायत्त भाग राहील. कलम चार: मागच्या दारावर खालच्या मजल्याचा संपूर्ण अधिकार राहील. कलम सात सगळ्यांत नाजूक. लाँड्रीशेजारी एक लहान खोली होती. काकांना तिथे जुनी घड्याळं दुरुस्त करायचं टेबल मांडायचं होतं, आणि सूनबाई गिरिजाचं ट्रेडमिल तिथे आधीपासून ठाण मांडून होतं. त्यावर कुणी चालत नव्हतं, ओले टॉवेल वाळत होते, पण ताबा तो ताबा. तेव्हा 'सदर खोलीचा निर्णय येत्या दिवाळीपर्यंत सामोपचाराने होईल' असं लिहून काकांनी मसुदा वर पाठवला. मिहीर मीटिंगमध्ये होता. त्याने फोनवर बोटाने सही ओढली. गिरिजाने विचारलं, "काय आहे?" तो म्हणाला, "बाबांचं काहीतरी." अशा रीतीने घटना अंमलात आली.

पहिले सहा महिने बरे गेले. मग हिवाळा आला आणि कळलं की खालचं हीटिंग मिहीरच्या फोनवरून चालतं. काका भिंतीवरच्या पट्टीवर तापमान चौऱ्याहत्तर फॅरनहाइट करत, की पाच मिनिटांत ती आपोआप अडुसष्टवर येऊन बसे. वरून उत्तर यायचं, "बाबा, सेटिंग ऑटोमॅटिक आहे, मी काही केलं नाही." नात अनया अकरा वर्षांची, तिने रात्री व्हिडिओ बघू नयेत म्हणून दहाला वाय-फाय बंद पडे. सव्वादहाला लागणाऱ्या पुण्याच्या सकाळच्या बातम्या त्यात बुडाल्या. दिवाळ्या तीन झाल्या. ट्रेडमिल जागचं हललं नाही.

अशात काकांना रेबवार भेटला.

अ‍ॅशबर्नमधून एक जुना रेल्वेमार्ग जातो. रूळ कधीच उखडले, आता तिथे डांबरी पायवाट आहे आणि दोन्ही बाजूंना डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती रात्रंदिवस घोंघावत उभ्या असतात. अशाच एका इमारतीत रेबवार रात्रपाळीचा गार्ड होता. सकाळी सुटला की पायी घरी जायचा. सेहेचाळीस-सत्तेचाळीसचा, भरघोस मिशांचा, चालताना हात मागे बांधणारा. पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, कुठले तुम्ही? तो म्हणाला, कुर्दिस्तान. काकांमधला घटनाकार लगेच जागा झाला. म्हणाले, "कुर्दिस्तान हा देश नाही."

"तुम्ही बगदादच्या वकिलातीतून आलात का?" रेबवारने शांतपणे विचारलं.

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. सगळं बोलणं इंग्रजीत, तरी रेबवार त्यांना 'काक चारू' म्हणायचा. कुर्दीत थोरल्या भावाला काक म्हणतात म्हणे. तो मूळचा इराकमधल्या सुलेमानियाचा, शाळेत भूगोल शिकवायचा. मधली चार वर्षं अमेरिकन सैन्याबरोबर दुभाष्या होता, त्यावर पुढे व्हिसा मिळाला. भूगोलाचा मास्तर आणि स्वतःचा देश नकाशात नाही, यावर तो स्वतःच विनोद करायचा, म्हणून काकांना करावा लागत नसे.

"सांगा बरं," काका म्हणायचे, "तुमच्याकडे नक्की व्यवस्था कशी आहे?"

"फार उत्तम. २००५ची घटना आहे. झेंडा आमचा, विधानसभा आमची, फौज आमची. विमानतळसुद्धा आमचा. फक्त आकाश बगदादचं."

काका वाटेतच थांबले. दोन वर्षं जे मिहीरला, गिरिजाला, फोनवर शॉमबर्गच्या मित्रांना पटवून देता देता त्यांच्या घशाला कोरड पडली होती, ते या माणसाने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. "आमचंही तेच," ते म्हणाले. "दार आमचं, किचन आमचं, हवा वरच्यांची."

मग काय, रोजचा अभ्यासवर्गच सुरू झाला. किर्कुक शहर कुणाचं, हे ठरवायला इराकच्या घटनेत कलम एकशे चाळीस होतं आणि त्याची मुदत २००७ साली संपली, हे ऐकून काकांनी ट्रेडमिलची हकिगत सांगितली. रेबवारने ती गंभीरपणे ऐकून घेतली. अंदाजपत्रकातला वाटा बगदादने रोखला, की आपल्या धाकट्या बहिणीचा पगार तीन-तीन महिने कसा अडकायचा, तीही मास्तरीणच, हे तो सांगायचा, तेव्हा मात्र त्याच्या आवाजात गंमत नसायची. काकांच्या ते लक्षात यायचं नाही असं नाही. पण स्वतःच्या घशात दुखायला लागलं की दुसऱ्याचा न्यूमोनियाही आपल्यासारखाच वाटायला लागतो, तशातली गत.

"आणि तुमचे तुमच्यात तरी एकमत आहे ना?" त्यांनी एकदा विचारलं.

"छे हो. एर्बिल एका पक्षाचं, सुलेमानिया दुसऱ्याचं. निवडणूक होऊन वर्ष झालं, मंत्रिमंडळाचा पत्ता नाही. आम्ही बगदादला म्हणतो, हक्क द्या. आमची माणसं आम्हाला म्हणतात, हक्क द्या. त्यांना आम्ही सांगतो, आत्ता नको, आधी एकजूट दाखवा."

काका यावर खूप हसले. राजकारणी सगळीकडचे सारखेच, असं म्हणाले, आणि घरी जाऊन वीणाकाकूंना चहा टाकायला सांगितला.

ऑक्टोबरच्या शेवटी ठिणगी पडली. कॉलनीत कुणाचं तरी पार्सल चोरीला गेलं, आणि मिहीरने शनिवारी शिडी लावून मागच्या दारावर कॅमेरा बसवला. खालच्यांना न विचारता. काका फिरून आले तर दाराच्या वर एक काळा डोळा त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी आत जाऊन ईमेल लिहिली. विषय: कलम चारचा भंग. आमच्या सीमेवर आपली चौकी बसवण्यापूर्वी लेखी संमती आवश्यक होती, वगैरे दीड पान. वरून उत्तर आलं ते अंगठ्याचं चित्र. नुसता अंगठा. काकांनी आयुष्यात अपमान सोसले नव्हते असं नाही, पण ते सगळे निदान शब्दांत होते.

"पुरे झालं," ते वीणाकाकूंना म्हणाले. "आपण स्वतंत्र राहायचं. दोन खोल्या का असेनात, पण कुणाच्या अंगठ्याखाली नाही."

वीणाकाकू मेथी निवडत होत्या. त्या "हं" म्हणाल्या. त्रेचाळीस वर्षांत त्यांच्या 'हं'चे किमान सहा अर्थ झाले होते, पण काका त्यांतला एकच धरून चालत. काकूंचं वरच्यांशी स्वतःचं वेगळंच परराष्ट्र धोरण होतं. चारला अनया बसमधून उतरली की त्या जिना चढून जात. नात-आजी मिळून भूगोल करत, पराठे लाटत, गिरिजा ऑफिसातून आली की दोघींचं काहीबाही हसणं खाली ऐकू येई. काका विचारत, काय चाललं होतं? काकू म्हणत, काही नाही.

लीझबर्गला पंधरा मिनिटांवर ज्येष्ठांसाठीची नवी इमारत झाली होती. लिफ्ट, बाल्कनी, एक बेडरूम. रेबवारच्या गाडीतून तिघं जाऊन बघून आले. काका मॅनेजरबाईंना कराराच्या अटी विचारत राहिले. वीणाकाकू तेवढ्यात किचनच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. खिडकीतून एक तळं दिसत होतं. त्यांनी एक ड्रॉवर उघडून बघितला, मग लावला, मग पुन्हा उघडला.

येताना काकांनी गाडीत जाहीर केलं, "हे लोकशाही पद्धतीने व्हायला हवं. उद्या मिहीर म्हणायला नको की बाबांनी आईला ओढत नेलं. मी सार्वमत घेणार."

रेबवारने गाडीचा वेग थोडा कमी केला. "काक चारू, मी एका सार्वमतात मत दिलंय. सप्टेंबर २०१७. बोटाची शाई मी दोन दिवस धुतली नव्हती. ब्याण्णव टक्के लोक हो म्हणाले. रस्त्यावर नाचलो आम्ही. चार दिवसांनी बगदादने आकाश बंद केलं. परदेशी विमान ना आत येणार, ना बाहेर जाणार. तीन आठवड्यांनी किर्कुकही गेलं."

"हे मी वाचलंय," काका म्हणाले.

"माझ्या आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. तुर्कस्तानात तारीख मिळाली होती. आता विमान कुठून? बगदादहून. ज्या बगदादपासून सुटायला आईने आठ दिवसांपूर्वी मत दिलं होतं, तिथेच तिला गाडीत घालून न्यावं लागलं, सहा तास. तिथे पोचेस्तोवर तिचा जीव इतका घाबरा झाला, की तिथल्याच हॉस्पिटलात दाखल केली. एका अरब डॉक्टरने ऑपरेशन केलं. रोज सकाळी येऊन तिचा हात धरून बसायचा. आई अजून ठणठणीत आहे. अजून सांगत असते, काय देवमाणूस होता तो, पण बगदादचा निघाला बिचारा."

वीणाकाकू मागच्या सीटवर हसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला पस्तावा होतो का?"

"नाही," रेबवार म्हणाला. "उद्या पुन्हा झालं तर पुन्हा हो म्हणेन. फक्त आधी रस्ते मोजेन. आणि घरातल्यांना नीट विचारेन. आम्ही सगळं जग काय म्हणेल ते विचारत बसलो होतो."

यातलं 'पुन्हा हो म्हणेन' एवढंच काकांनी उचललं.

सार्वमताची सूचना जिन्याच्या दारावर लागली. तारीख नऊ नोव्हेंबर, रविवार, दुपारी तीन. मतदार: खालच्या मजल्याचे कायम रहिवासी, एकूण दोन. मिहीर ती वाचून खाली आला. त्याचा चेहरा उतरला होता. "बाबा, कॅमेऱ्यावरून एवढं? काढून टाकतो मी तो. आणि आम्हाला मत नाही?"

"केंद्राला मत नसतं," काका म्हणाले. पोराचा चेहरा बघून त्यांना आतून बरं वाटलं नाही, पण घटनेपुढे इलाज नव्हता. मिहीर म्हणाला, "ठीक आहे. तुम्हाला जसं वाटेल तसं." गिरिजा त्याच्यामागे आली होती. तिने विचारलं, "आई, तुमचं काय म्हणणं आहे?"

"मतदान गुप्त असतं," काकूंच्या आधी काका म्हणाले.

रविवारी साबुदाण्याच्या रिकाम्या डब्याला फट पाडून मतपेटी तयार झाली. रेबवारला आंतरराष्ट्रीय निरीक्षक म्हणून बोलावलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून, डाळिंबं घेऊन आला. अनया जिन्याच्या शेवटच्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसली. "आजोबा, आर यू मूव्हिंग बिकॉज ऑफ द वाय-फाय?" तिने विचारलं. काकांनी तिला स्वायत्तता म्हणजे काय ते समजावायला सुरुवात केली. तिने अर्धं ऐकलं. "बट हू इज गोइंग टू डू माय मॅप्स विथ मी?" काका म्हणाले, आजी येईल की शनिवार-रविवार. असं काही ठरलेलं नव्हतं.

दोन चिठ्ठ्या पडल्या. काकांनी हात धुतले, डबा हलवला, झाकण काढलं. पहिली चिठ्ठी: हो. त्यांनी ती निरीक्षकाला दाखवून टेबलावर ठेवली. दुसरी उघडली. नाही.

त्यांनी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे कोरी होती. पुन्हा सुलटी केली. अक्षर वळणदार, सावकाश लिहिलेलं. मतदार दोनच असले की गुप्त मतदानाचं काय होतं, ते त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. रेबवारने डाळिंब सोलायला घेतलं होतं, तो मान खाली घालून दाणे काढत राहिला.

"समसमान," काका म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि नियमांचा कागद काढला. समसमान मतं पडल्यास अध्यक्षाचं मत निर्णायक, हे कलम त्यांनी शॉमबर्गच्या घटनेतून जसंच्या तसं उचललं होतं. तिथे त्यांनी ते पाच वेळा वापरलं होतं. अध्यक्ष कोण हेही कागदावर होतं.

"वाचा की," वीणाकाकू म्हणाल्या. "थांबलात का?"

काका वाचेनात. "वीणा, तू नाही म्हणालीस?"

"अहो, तुम्ही चिठ्ठी दिलीत हातात. चिठ्ठी दिली की माणूस मत देणारच. नागपूरहून पिओरियाला आलो, तिथून मिलवॉकी, मग शॉमबर्ग, मग इथे. चार बिऱ्हाडं केली मी. चारही वेळा सगळं ठरल्यावर मला कळलं. मिलवॉकीला मला शाळेत नोकरी लागली होती, आठवतंय? पंधरा दिवस गेले मी. सोळाव्या दिवशी तुम्ही शॉमबर्गचं लीज दाखवलंत." त्या रागाने बोलत नव्हत्या. भाजीत काय घातलं ते सांगावं तसं सांगत होत्या. "तुम्हाला वर मिहीर विचारत नाही याचं इतकं दुःख होतं. मी बघते ना. रात्र रात्र झोपत नाही तुम्ही. मला त्याचं वाईटही वाटतं. पण मला आश्चर्य वाटतं, की हेच दुःख दुसऱ्या कुणाला असेल असं तुमच्या मनातही येत नाही."

जिन्यावर अनयाला शब्द सगळे कळले नसावेत, पण ती आजीकडे डोळे मोठे करून बघत होती.

"म्हणजे तुला लीझबर्ग आवडलं नाही," काका म्हणाले.

"आवडलं. फार आवडलं. ते तळं, ती खिडकी. खरं सांगू? गुरुवारपर्यंत माझं मत हो होतं."

"गुरुवारी काय झालं?"

"ट्रकवाल्यांचा मेसेज आला, आपल्या दोघांच्या टॅबवर. बुकिंग कन्फर्म्ड. पंधरा तारीख, सकाळी नऊ."

काकांनी रेबवारकडे पाहिलं. आंतरराष्ट्रीय निरीक्षक उठून खिडकीपाशी गेला होता. काकांचे कान तापले. सार्वमताच्या तीन दिवस आधी ट्रक ठरवताना त्यांना काहीच वावगं वाटलं नव्हतं. उलट, वेळेवर ट्रक मिळाला म्हणून ते खूश झाले होते. लबाडी केली असती तर निदान लपवायचं तरी सुचलं असतं.

त्यांनी नियमांचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि फोन लावला. ट्रक कंपनीने बावीस मिनिटं संगीत ऐकवलं. तेवढ्यात रेबवार निरोप घेऊन गेला. जाताना त्याने काकूंना छातीवर हात ठेवून नमस्कार केला. अखेर एक मुलगी फोनवर आली. कॅन्सल का करताय, तिला फॉर्ममध्ये कारण भरायचं होतं. काकांनी आयुष्यभर कारणं लिहून दिली होती, क्रमांक घालून. आता त्यांना एकच सुचलं, आणि ते इंग्रजीत फार विचित्र वाटलं. बायकोला विचारायचं राहिलं, असं ते म्हणाले. मुलगी म्हणाली, नो प्रॉब्लेम, सर.

फोन ठेवून ते काकूंसमोर खुर्ची ओढून बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"वीणा, तुला कुठे राहायचंय?"

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. प्रश्न खरा आहे की नाही ते त्या बघत असाव्यात.

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या, आणि अनयाचा हात धरून वर निघाल्या.

"कधीपर्यंत?" काकांनी विचारलं. तोवर दोघी वर पोचल्या होत्या. चारुदत्तकाका खाली बसून राहिले. उत्तर काय येईल याचा त्यांना जराही अंदाज नव्हता. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, आणि अशी धाकधूक त्यांना पहिल्यांदाच होत होती.